डॉ. वसंत गोवारीकर: रॉकेटच्या इंधनापासून मॉन्सूनच्या अंदाजापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये हवामान खात्याचा पहिला मॉन्सून अंदाज आला की गोवारीकरांचं नाव कुठे ना कुठे निघतंच. त्यापाठोपाठ त्याच त्या शंका येतात: हे हवामानतज्ज्ञ होते ना? आयएएस होते का? २००२ ला तोंडघशी पडलं ते मॉन्सूनच्या अंदाजाचं मॉडेल यांचंच का? दर वर्षी सुटी सुटी उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून ठेवलेलं बरं.

गोवारीकर नक्की कोण? रॉकेटवाले की पाऊसवाले?

शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. कारकिर्दीचा पहिला मोठा टप्पा रॉकेटच्या घन इंधनाचा, दुसरा दिल्लीतल्या सचिवपदाचा. पावसाशी त्यांचा संबंध आला तो या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर. हवामानशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरी लोकांच्या लक्षात ते पाऊसवाले म्हणूनच राहिले. साहजिकच आहे, रॉकेटच्या इंधनाशी शेतकऱ्याला काय देणंघेणं.

जन्म २५ मार्च १९३३, पुणे. निधन २ जानेवारी २०१५, तेही पुण्यातच. मधल्या काळात कोल्हापूर, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम आणि हार्वेल, केरळातलं थुंबा आणि दिल्ली.

ते आयएएस होते का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, विशेषतः स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांकडून, म्हणून जरा सविस्तर.

भारत सरकारचा 'सचिव' म्हणजे आयएएसच, असं आपण धरून चालतो. बहुतेक खात्यांत तसंच असतं. पण विज्ञानाशी संबंधित काही विभागांत सचिवपदी शास्त्रज्ञ नेमण्याची परंपरा स्वातंत्र्यानंतर लगेचच पडली. होमी भाभा अणुऊर्जा विभागाचे सचिव होते. शांतिस्वरूप भटनागर हे रसायनशास्त्रज्ञ, तेही केंद्रात सचिव होते. अवकाश विभागाचा सचिव आणि इस्रोचा अध्यक्ष एकच व्यक्ती असते. सीएसआयआर या देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेचा महासंचालक हाच वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाचा सचिव असतो. रघुनाथ माशेलकरांनी ते पद १९९५ ते २००६ सांभाळलं. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते तेव्हा ते त्या विभागाचे सचिवही होते.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचंही तेच. गोवारीकरांआधी एम. जी. के. मेनन या विभागाचे सचिव होऊन गेले, ते भौतिकशास्त्रज्ञ. नंतर आलेले रामाराव धातुशास्त्रज्ञ. त्यामुळे गोवारीकर १९८६ ला सचिव झाले तेव्हा कोणाचा हक्क डावलून झाले असं काही नव्हतं. खुर्चीच तशी होती.

त्यांचं शिक्षण कुठे झालं? 'गार्नर-गोवारीकर सिद्धान्त' काय आहे?

शाळा-कॉलेज कोल्हापुरात, पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ. तिथे केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी, मार्गदर्शक प्राध्यापक गार्नर. घन पदार्थ आणि त्याच्या भोवतीने वाहणारा द्रव किंवा वायू यांच्यात उष्णतेची आणि पदार्थाची देवाणघेवाण कशी होते, याचं विश्लेषण त्या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. वहीत लिहायला एवढं पुरे.

इंग्लंडमधली चांगली नोकरी सोडून परत का आले?

भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांनी बोलावलं म्हणून.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. पीएचडीनंतर ते हार्वेलच्या ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात होते, आणि मग समरफील्ड इथे. समरफील्डमध्ये रॉकेट मोटर बनत. म्हणजे साराभाईंना भारतात जे उभं करायचं होतं, नेमकं तेच काम जवळून पाहिलेला माणूस. थुंब्याहून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं होतं, पण ते अमेरिकन बनावटीचं. साराभाईंना आपलं रॉकेट हवं होतं, आणि आपलं रॉकेट म्हटलं की आधी आपलं इंधन आलं. गोवारीकर १९६७ ला थुंब्याला दाखल झाले.

मच्छीमारांची वस्ती, चर्चच्या इमारतीत थाटलेलं ऑफिस, सायकलवरून नेलेले सुटे भाग, हे सगळं तुम्ही शंभर वेळा वाचलं असेल. ते इथे पुन्हा सांगत नाही.

घन इंधनात इतकं अवघड काय असतं?

घन इंधन म्हणजे बंदुकीची दारू ठासून भरली, असा समज असतो. प्रत्यक्षात ते रसायनशास्त्र, धातुकाम आणि स्वयंपाकघरातली शिस्त यांचं मिश्रण आहे.

मुख्य घटक तीन. पहिला अमोनियम परक्लोरेट, जळायला लागणारा ऑक्सिजन यातून मिळतो. अवकाशात हवा नसते तेव्हा तो सोबतच न्यावा लागतो. दुसरा अॅल्युमिनियमची बारीक भुकटी, तिच्यामुळे ज्वाला तापते. तिसरा या दोघांना धरून ठेवणारा पॉलिमर, म्हणजे बाइंडर. तो रबरासारखा लवचीक असतो आणि स्वतःही जळतो. हे सगळं कालवून दाट पिठल्यासारखं झालं की हवा काढून घेतलेल्या अवस्थेत मोटरच्या नळकांड्यात ओततात. मधोमध एक साचा उभा ठेवलेला असतो. मग ठरावीक तापमानाला ते आळू देतात, आणि साचा उपसला की आत चांदणीच्या किंवा तसल्याच आकाराची पोकळी राहते.

सगळी मेख त्या पोकळीत आहे. इंधन पोकळीच्या आतल्या पृष्ठभागावरून जळत जातं, त्यामुळे पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढा वायू जास्त आणि रेटा जास्त. आता समजा आत एखादी भेग राहिली. आग भेगेत शिरते, जळणारा पृष्ठभाग क्षणात वाढतो, दाब वाढतो आणि मोटर फुटते. द्रव इंधनाचं इंजिन झडप मिटून बंद करता येतं. घन मोटर एकदा पेटली की पेटली. म्हणून प्रत्येक मोटरची क्ष-किरणांनी तपासणी करायची, बुडबुडा कुठे आहे का, भेग कुठे आहे का, इंधन भिंतीपासून सुटलंय का ते बघायचं.

गोवारीकरांच्या हाताखाली थुंब्यात हे सगळं मुळापासून उभं राहिलं: रसायनं, बाइंडर, ओतकामाची यंत्रणा, तपासणी. बाहेरून विकत मिळण्याची शक्यता कमीच, कारण जे इंधन उपग्रह उडवतं तेच क्षेपणास्त्रही उडवतं, आणि असलं तंत्र कोणी हातात आणून देत नाही. अमोनियम परक्लोरेटसाठी केरळात अलुवा इथे प्रायोगिक कारखाना निघाला. एचटीपीबी नावाचा जो बाइंडर पुढे इस्रोचा हुकमी ठरला, त्याचं तंत्र नोसिल या कंपनीला देऊन उत्पादन सुरू झालं. पीएसएलव्ही या इस्रोच्या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात आज सुमारे १३८ टन घन इंधन असतं, ते याच घराण्यातलं.

एसएलव्ही-३ तर कलामांचं ना? मग यात गोवारीकर कुठून आले?

एसएलव्ही-३, म्हणजे उपग्रह कक्षेत नेणारं भारताचं पहिलं रॉकेट. त्याचे प्रकल्पसंचालक कलामच होते, त्यात वाद नाही. गोवारीकर थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, १९७९ ते १९८५. म्हणजे हा प्रकल्प ज्या केंद्रात चालू होता त्या केंद्राचे प्रमुख. आणि एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते, हे विसरू नका.

ज्या वर्षी ते संचालक झाले त्याच वर्षी, १० ऑगस्ट १९७९ ला, पहिलं उड्डाण फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळून गेलं आणि यान पाच-एक मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं. मुख्य इंधनाचा त्यात दोष नव्हता. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. रॉकेट बावीस मीटर उंच, वजन १७ टन, आणि एवढा खटाटोप करून वर नेलेला उपग्रह ४० किलोच्या आतबाहेरचा. आजच्या मानाने किरकोळ वाटेल. पण हे स्वतःच्या बळावर करून दाखवणारे देश तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पीएसएलव्हीला मंजुरी मिळाली तीही त्यांच्याच संचालकपदाच्या काळात.

श्रेयाच्या वाटणीवर आपल्याकडे फार वाद घालतात. प्रकल्पप्रमुख यान बांधतो, केंद्रप्रमुख त्याला माणसं, पैसा, यंत्रं पुरवतो आणि फसलं तर वरच्यांचा मारा झेलतो. दोन्ही कामं वेगळी आहेत.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा सचिव करतो तरी काय?

सर्वाधिक वेळ पैशाच्या वाटपात जातो. देशभरच्या विद्यापीठांतल्या संशोधन प्रकल्पांना या विभागाकडून निधी मिळतो. पुण्याची आघारकर संशोधन संस्था, मुंबईची भूचुंबकत्व संस्था यांसारख्या संस्था या विभागाच्या छत्राखाली चालतात. भारतीय सर्वेक्षण विभागही इथेच.

आणि त्या काळात हवामान खातंही इथेच होतं! हे आज अनेकांना माहीत नसतं, कारण २००६ नंतर ते पृथ्वीविज्ञान मंत्रालयाकडे गेलं. गोवारीकर सचिव असताना हवामान खात्याची फाइल त्यांच्या टेबलावर यायची. राज्यमंत्री होते के. आर. नारायणन, जे पुढे राष्ट्रपती झाले.

मग रॉकेटचा माणूस मॉन्सूनच्या भानगडीत कसा पडला?

१९८७ चा दुष्काळ. देशाचा सरासरी पाऊस त्या वर्षी सुमारे १९ टक्के कमी पडला. त्याआधीची दोन वर्षंही बेताचीच गेली होती. संसदेत, मंत्रालयांत एकच प्रश्न: पुढच्या वर्षी काय? धान्य आयात करायचं का, धरणातलं पाणी राखून ठेवायचं का, वीज कुठून आणायची? आणि ज्याच्याकडे उत्तर मागायचं ते खातं गोवारीकरांच्या अखत्यारीत.

सचिवाने अशा वेळी काय करायचं असतं? समिती नेमायची, अहवाल मागवायचा, निधी मंजूर करायचा. तेवढं करून ते मोकळे झाले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. ते स्वतः गणितात उतरले. खात्याचे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ, थपलियाल, सरकार, मंडल, सिक्का, यांच्यासोबत बसून त्यांनी नवी पद्धत बांधली आणि १९८८ च्या मॉन्सूनसाठी ती वापरलीही. 'मौसम' या खात्याच्या नियतकालिकात १९८९ ला प्रसिद्ध झालेल्या निबंधावर पहिलं नाव गोवारीकरांचं आहे. सचिवाचं नाव मानाने टाकण्याची चाल आपल्याकडे आहे, म्हणून शंका घेणारे घेतात. मला ती शंका पटत नाही. पुढची बारा-तेरा वर्षं ज्या मॉडेलच्या बरोबर-चूकचा जाब जाहीरपणे विचारला जाणार, त्यावर मिरवण्यापुरतं कोणी नाव देत नाही.

सोळा घटक कोणते? जरा सोप्या भाषेत सांगा.

मॉन्सून जून ते सप्टेंबर. त्याची तयारी मात्र आधीचे पाच-सहा महिने जगभर चालू असते. त्या तयारीच्या खुणा मोजायच्या, ही मूळ कल्पना. ती जुनीच आहे. १८८६ ला ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून पहिला अधिकृत अंदाज दिला होता: बर्फ जास्त तर पाऊस कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्बर्ट वॉकरने जगभरची वायुदाबाची आकडेवारी घेऊन समीकरणं मांडली.

गोवारीकर आणि मंडळींनी सोळा खुणा घेतल्या. चार गटांत पाहिल्या तर लक्षात राहतात.

तापमानाचा गट: एल निन्यो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, तसं झालं की आपला पाऊस बहुधा घटतो) यंदाचा आणि गेल्या वर्षीचा, उत्तर भारत, पूर्व किनारा आणि मध्य भारताचं उन्हाळ्यातलं तापमान, उत्तर गोलार्धाचं हिवाळ्यातलं तापमान. दाबाचा गट: ऑस्ट्रेलियातलं डार्विन, प्रशांत महासागरातलं ताहिती बेट आणि डार्विन यांच्यातला फरक, अर्जेंटिना, विषुववृत्ताजवळचा हिंदी महासागर, उत्तर गोलार्ध. वाऱ्याचा गट: तीन वेगवेगळ्या उंचीवरची स्थिती, त्यातली एक जवळजवळ तीस किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याची. बर्फाचा गट: हिमालय, आणि आधीच्या डिसेंबरातला युरोप-आशियातला बर्फ.

अर्जेंटिनातल्या हवेच्या दाबाचा आणि जालन्यातल्या पेरणीचा संबंध काय, असं विचारून लोक हसायचे. संबंध सांख्यिकी आहे. वातावरण एकच आहे, एका टोकाला दाब वाढला की दुसरीकडे त्याचा हिशेब लागतो.

या घटकांचा वापर दोन तऱ्हांनी व्हायचा. सोळापैकी किती अनुकूल आणि किती प्रतिकूल हे मोजून पाऊस साधारण होईल की तुटीचा, एवढंच सांगायचं, ही पहिली तऱ्हा. दुसरीत प्रत्येक घटकाला एक गुणक आणि एक घात देऊन आकडा काढायचा: सरासरीच्या अमुक टक्के, अधिक-उणे चार.

आमच्याकडे पेरण्या करपल्या आणि पेपरात 'मॉन्सून सरासरीइतका'! हा काय प्रकार?

राग रास्त आहे. अंदाज होता संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या एकत्रित सरासरीचा. ही सरासरी त्या वेळी सुमारे ८८ सेंटिमीटर धरली जायची. आसामात धो-धो पडला आणि मराठवाड्यात ठणठणाट झाला, तरी बेरीज ८८ च्या आसपास येऊ शकते. जूनचा पाऊस जुलैअखेर आला तरी बेरीज तीच. पेरणी कधी करायची हे ठरवायला या आकड्याचा काडीचा उपयोग नाही.

मग उपयोग कोणाला? अन्नधान्याचा साठा ठरवणाऱ्याला, रिझर्व्ह बँकेला, वीज मंडळांना, अर्थमंत्र्याला. अंदाज दिल्लीने दिल्लीसाठी काढलेला होता आणि तो दूरदर्शनवरून बांधावर पोहोचला. बांधावरच्या माणसाला तो आपल्यासाठी आहे असं वाटलं, आणि तसं नाही हे सांगायचे कष्ट कोणी नीट घेतले नाहीत. त्या काळच्या कारभारातली ही मोठी उणीव होती असं माझं मत आहे, आणि ती सचिवाच्या खात्यातही मांडावी लागेल.

२००२ ला नेमकं काय झालं?

खात्याने सांगितलं, १०१ टक्के. पडला ८१ टक्के. जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा. सोळापैकी बहुसंख्य घटक अनुकूल असताना असा दुष्काळ पडला. गोवारीकर तोवर सचिवपदावरून जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण मॉडेल त्यांच्या नावाचं, त्यामुळे टीकाही त्यांच्याच नावाने झाली. २००३ पासून खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेलं घेतली आणि अंदाज दोन टप्प्यांत द्यायला सुरुवात केली. २००४ ला नवी मॉडेलंही चुकली. ते लोक लवकर विसरतात.

म्हणजे मॉडेल चुकीचंच होतं ना? मग इतकी वर्षं बरोबर कसं आलं?

इथे आकडे पाहायला हवेत, कारण 'सलग तेरा-चौदा वर्षं बरोबर' हेही अर्धंच खरं आहे.

१९८८ ला नव्या पद्धतीने ११३ टक्के सांगितले, पडला ११९. दुष्काळानंतरच्या पहिल्याच वर्षी भरघोस पाऊस, तोही आधी सांगून. मॉडेलची वाहवा झाली ती इथे. १९८९ ला १०२ सांगितले, १०१ पडला. यापेक्षा जवळ जाता येत नाही. पण १९९४ ला ९२ सांगितले आणि ११० पडला. १९९९ ला १०८ सांगितले आणि ९६ पडला. अधिक-उणे चार टक्क्यांच्या हमीत हे बसतच नाही. तरी ओरड झाली नाही, कारण त्या वर्षी दुष्काळ नव्हता. सांगितल्यापेक्षा अठरा टक्के जास्त पाऊस पडला तर कोण तक्रार करतो?

दुसरी गोष्ट. अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आतला पाऊस 'साधारण' धरला जायचा, आणि दहातली सात-एक वर्षं तशी असतातच. १९८८ नंतर २००१ पर्यंत देशपातळीवर मोठा दुष्काळ पडलाच नाही. अशा काळात 'साधारण' म्हणणारा कोणीही पुष्कळदा बरोबर ठरला असता. म्हणजे मॉडेलची खरी परीक्षा होईल असं वर्ष आलंच नाही, आणि आलं तेव्हा ते नापास झालं.

तिसरी गोष्ट सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला लगेच दिसेल. घटक सोळा, प्रत्येकाला गुणक आणि घात, म्हणजे तीसहून अधिक आकडे ठरवायचे. आणि ते कशावरून, तर मोजक्या दशकांच्या नोंदींवरून. असं समीकरण मागच्या वर्षांना अंगाबरोबर बसतं आणि पुढच्या वर्षाला दगा देतं. त्यातून घटकांचे पावसाशी असलेले संबंधही काळानुसार बदलतात. १९९७ ला एल निन्यो जबरदस्त होता आणि पाऊस १०२ टक्के झाला. सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २००५ ला 'करंट सायन्स'मध्ये या अपयशांचा कठोर आढावा घेतला. त्यांचा रोख या एका मॉडेलपुरता नव्हता, जुन्या नोंदींवरून अंदाज बांधण्याच्या एकूण पद्धतीवरच होता.

माझ्या मते टीका बरोबर आहे, आणि तरी १९८८ चा निर्णयही बरोबर होता. त्या वेळी वातावरणाची भौतिकी सोडवून चार महिन्यांचा पाऊस सांगेल असा संगणक देशात नव्हता. थांबायचं, की हाताशी असलेल्या साधनांनी तारीख-वार घालून, टक्क्यांत, तपासता येईल असा अंदाज द्यायचा? गोवारीकरांनी दुसरं केलं. मोटर पेटवून बघितल्याशिवाय इंधन कळत नाही अशा कामात त्यांची वीस वर्षं गेली होती, त्याचा हा परिणाम असावा. चूक झाली ती पुढच्या दशकात, त्याच समीकरणाकडे डोळे मिटून बघत राहण्यात. १९९४ च्या फरकालाच घंटा वाजायला हवी होती.

भारताला महासंगणक त्यांच्यामुळे मिळाला का?

'त्यांच्यामुळे' म्हणणं जास्त होईल. त्यांच्या काळात, त्यांच्या विभागासाठी मिळाला. मध्यम मुदतीच्या, म्हणजे काही दिवसांच्या हवामान अंदाजासाठी दिल्लीत १९८८ ला राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं आणि त्याच्यासाठी अमेरिकेकडून क्रे एक्सएमपी-१४ हा महासंगणक आला. मागितला होता त्याहून ताकदवान, पण अमेरिकेने तो द्यायला नकार दिला. याच नकाराच्या वातावरणात पुण्यात सीडॅक ही संगणक संशोधन संस्था निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ ला परम हा देशी महासंगणक तयार झाला. सीडॅक वेगळ्या खात्याचं, त्याचं श्रेय इकडे ओढू नये.

राष्ट्रीय विज्ञान दिन त्यांनी सुरू केला?

त्यांच्या विभागाने. २८ फेब्रुवारी १९८७ ला पहिला साजरा झाला, सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाच्या स्मरणार्थ. कल्पना विभागाच्या विज्ञान प्रसार परिषदेची.

पंतप्रधानांचे सल्लागार असताना त्यांनी काय केलं? लोकसंख्येबद्दल काही वादग्रस्त बोलले होते म्हणे?

१९९१ ते १९९३ ते नरसिंह रावांचे वैज्ञानिक सल्लागार होते. सल्लागाराचं काम फायलीत राहतं, त्यामुळे त्यावर बाहेरून फार बोलता येत नाही.

लोकसंख्येचं मात्र उघड होतं. १९९१ च्या जनगणनेत देश ८४ कोटींच्या वर गेला होता आणि 'लोकसंख्येचा स्फोट' हा शब्द शाळेच्या निबंधापासून संसदेपर्यंत सगळीकडे होता. गोवारीकर म्हणू लागले की स्फोट वगैरे काही नाही, जन्मदर घसरणीला लागलाय, अब्जाचा आकडा आपण ओलांडणारच, पण पुढे वाढ मंदावून स्थिर होईल. १९९३ ला याच विषयावर त्यांनी एक ग्रंथ संपादित केला. तेव्हा अनेकांना हा भाबडा आशावाद वाटला. सरकारी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला यामुळे ढिलाई येईल, अशीही भीती होती.

१९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत २.०. पावसाच्या अंदाजापेक्षा हा अंदाज कितीतरी जास्त खरा ठरला, आणि याबद्दल त्यांचं नाव क्वचितच कोणी घेतं.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरू कधी होते?

१९९५ ते १९९८. साधारण त्याच काळात, १९९४ ते २०००, मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही होतं.

त्यांची पुस्तकं कोणती?

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'पॉलिमर सायन्स' माहीत असेलच, १९८६ चं, विश्वनाथन आणि श्रीधर यांच्यासोबत लिहिलेलं. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत ते नुसतं 'गोवारीकर' या नावाने मागितलं जातं, आणि मागणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसतं की हे तेच पाऊसवाले. निवृत्तीनंतर सहकाऱ्यांसोबत केलेला खतांचा जाडजूड विश्वकोश २००९ ला निघाला. त्याला नॉर्मन बोरलॉग यांची प्रस्तावना आहे. लेखकांमध्ये पत्नी सुधा गोवारीकर यांचंही नाव आहे.

पद्म पुरस्कार?

पद्मश्री १९८४, पद्मभूषण २००८.

मला शास्त्रज्ञ म्हणून सुरुवात करून असं सचिव व्हायचंय. यूपीएससी द्यायची का?

नागरी सेवा परीक्षा देऊन या वाटेने जाता येत नाही, कारण ती वाट प्रशासकांची आहे. इस्रो, अणुऊर्जा, सीएसआयआर किंवा विज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञ श्रेणीत शिरावं लागतं. तिथली बढती बहुतांशी रिकाम्या जागेवर अवलंबून नसते. ठरावीक वर्षांनी तुमच्या कामाचं मूल्यमापन आणि मुलाखत होऊन वरची श्रेणी मिळते. काही जण विद्यापीठांतून किंवा आयआयटींमधून थेट वरच्या पदांवरही येतात. सचिवपदासाठी नाव पुढे येतं तोवर माणसाने बहुधा एखादी मोठी प्रयोगशाळा किंवा संस्था चालवलेली असते, आणि अंतिम मंजुरी मंत्रिमंडळाच्या नियुक्तीविषयक समितीची असते. गोवारीकर तिथे पोहोचले तेव्हा ५३ वर्षांचे होते, आणि त्याआधीची सहा वर्षं थुंब्याचं केंद्र सांभाळून झाली होती.